वाटीतला तुकडा

दवाखान्यातून बायको गेल्याचा फोन आला, त्या दिवशी मी बाथरूममधला साबणाचा तुकडा उचलून वाटीत घातला आणि वाटी कपाटात वरच्या फळीवर ठेवली. सकाळी निघताना तिने त्याच साबणाने हात धुतले होते. दुसरं काय करायचं, ते मला सुचलं नव्हतं.

आज अंघोळीसाठी नळ सोडला आणि टॉवेल काढायला कपाट उघडलं, तर वाटी रिकामी. लेकीला हाक मारली.

"यातला तुकडा कुठे गेला?"

"नव्या साबणाला चिकटवला. दोन्ही भिजवायचे आणि दाबून धरायचे. आईने शिकवलंय."

"मला विचारायचंस तरी."

"तुम्ही टाकून दिला असता. आई म्हणायची, तुझ्या बाबांना तुकडे फेकायची खोडच आहे."

म्हणायची खरी.

"अगं, पण आता तो संपेल ना."

"नाही संपत, बाबा. हा झिजला की त्याच्या पुढच्याला लावायचा. जुना थोडा तरी राहतोच."

मी साबण हातात घेतला. पांढऱ्या वडीवर हिरवा तुकडा असा बसला होता की नखाने चाचपला तरी कड लागेना. पोरीला रागवावं की जवळ घ्यावं, काही कळेना. तुकडा वाचला की गेला, तेही कळेना.

"बाबा, पाणी वाया चाललंय," म्हणत तिने नळ बंद केला आणि ती खेळायला गेली.

मी साबण कोरडाच जागेवर ठेवला. माझी अंघोळ अजून राहिली आहे.