काडतुसातलं पाणी

दुबईजवळच्या आमच्या उम्म अल कुवैनच्या भंगारयार्डात काडतूस आलं की आम्ही आधी ते कानापाशी हलवतो. आत दारू असेल तर खसखसतं, मग ते बाजूला ठेवायचं.

आज टांझानियाहून पोतं आलं. माझा जोडीदार सालेहही तिथलाच. त्याने एक हलवलं आणि त्याचे डोळेच चमकले. "मिथुनभाई, सुनो!"

आत पाणी डुचमळत होतं.

दुसऱ्यातही. तिसऱ्यातही! मी पक्कडीने एक उघडलं. भर दुपारच्या उन्हात बर्फासारखं गार पाणी हातावर सांडलं.

सालेह आनंदाने ओरडलाच. शंभरेक वर्षांपूर्वी टांझानियावर राज्य करणाऱ्या जर्मनांशी लढायला निघालेल्या त्याच्या पणजोबांवर एका देवमाणसाने पाणी शिंपडलं होतं. म्हणाला होता, जर्मनांच्या गोळ्यांचं पाणी होईल. झालं नाही. हजारो माणसं मेली.

"देर लगी, पर हुआ ना!" सालेहने ते पाणी स्वतःच्या छातीवर थापलं, मग माझ्या. मी वेड्यासारखा हसत होतो.

तेवढ्यात फाटकाबाहेर बंदुका भरल्याचे खटके ऐकू आले. ओळीने, कितीतरी. कोणाच्या, ते फाटकाआड दिसत नव्हतं.

"यल्ला, चलो!" म्हणत सालेह छाती काढून, हसत फाटकाकडे निघाला.

मला न विचारता माझे पायही त्याच्यामागे निघाले.