नऊ पाटे

पायाची दहा बोटं. सगळी हलतात.

घराच्या धाब्यावर, मातीच्या छतावर, अर्ध्या उलटलेल्या मिरच्या.

चोपडा, बावीस किलोमीटर. डांबर फक्त शेवटच्या सातांवर.

गाडीच्या दारावर पांढऱ्या रंगात: सवारी बसवणे सक्त मना आहे.

नऊ.

नवल गाडीखालून बाहेर आला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा वाकला. पुन्हा मोजले. नऊच. मागच्या चाकांवर एकाखाली एक आवळलेल्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे. कंपनीचे सहा. वरचे तीन त्याने स्वतः घातलेले, धुळ्याला, पारोळा रस्त्यावरच्या दुकानात. बारा वर्षं तो हेच काम करत होता. आखाजीच्या सणाला चार दिवस घरी आला होता.

सकाळी त्याची आई, दगडीबाई, मिरच्या उलटायला धाब्यावर चढली आणि पाठीवर पडली. आता ती अंगणात खाटेवर सरळ निजली होती. उपकेंद्राच्या नर्सबाई तिचा अंगठा दाबून म्हणाल्या होत्या, "बोटं हलताहेत तोवर पाय तिचे आहेत. चोपड्याला न्या. वाटेत हादरा बसला तर मी काही सांगू शकत नाही."

पंचक्रोशीत पिकअप दोनच. एका रंगाच्या, एका तोंडाच्या. नवल दोन शेतांवरून त्या ओळखायचा. सहा पाट्यांची रिकामी असताना सपाट चालायची. गावातल्या तोतारामची ही दुसरी, नऊ पाट्यांची. दोन टन दगड ओढायची आणि रिकामी झाली की मागून वर उठायची, लाथ मारायच्या बेतात असलेल्या म्हशीसारखी. सपाट चालणारी कालच वऱ्हाड घेऊन चाळीसगावला गेली होती.

"दोन्ही सारख्याच शेतस ना भाऊ?" शेजारचे उखर्डू आबा म्हणाले.

"सारख्या नाहीत!"

"अरे पन रिकामी शे. हलकी, फूलना मायक जाई."

"आबा, रिकामी आहे म्हणूनच मरण आहे."

कोणाला पटेना. नवल स्वतः मागे आडवा झाला आणि त्याने तोतारामला मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायला सांगितलं. गाडी परत आली तेव्हा नवलच्या तोंडात रक्त होतं. जीभ चावली गेली होती. बायकांनी घराघरातून गोधड्या आणल्या. सात गोधड्या. पुन्हा देवळापर्यंत. या वेळी डोकं आपटलं.

"गोधड्यांनी पाटे मऊ होत नाहीत," तो ओरडला. कोणावर, ते त्यालाही कळलं नाही.

तीन पाटे काढायला जॅक हवा, मोठे पाने हवेत, अर्धा दिवस हवा. जॅक होता. पाने धुळ्याला होते. त्याने हातातली पक्कड भिंतीवर फेकली. ती परत त्याच्याच पायाशी आली.

"तोताराम, तू तरी बोल!"

"मी काय बोलू भाऊ? दगडांसाठी घेतेल गाडी शे."

खाटेवरून आवाज आला. "दगडससाठी ना? मंग मी कोन शे? दगडीच शे ना मी."

दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. नवल हसला नाही.

"आई, थट्टा नको. ही गाडी भरलेली असली तरच नीट चालते."

दगडीबाईने मान न हलवता त्याच्याकडे पाहिलं. "मंग भरी टाक ना रे."

नवलने अंगणात पाहिलं. दगड घरंगळले असते. धान्याची पोती वैशाखात कोणाकडे चाराच्या वर नव्हती. अंगणात गाव उभं होतं.

"आबा, तुमचं वजन किती?"

"माले काय इचारस? बाजारमा तोलायनू नही कधी."

"चढा."

खाट मधोमध ठेवली. तिच्या चारही बाजूंनी माणसं बसू लागली. रस्त्याने पायी चालणाऱ्या याच माणसांना तोताराम रोज मागे टाकून जायचा. आज ती त्याच्या गाडीत पाय ठेवत होती आणि एकेक जण दारावरची अक्षरं मोठ्याने वाचत होता. तोतारामने अखेर दाराला पाठ लावली आणि अक्षरं झाकून उभा राहिला.

नवल आईकडे बघत नव्हता. तो खाली, चाकाशी बसला होता. दहा माणसं. पाटे ढिम्म. सोळा. "मागे सरका, चाकावर वजन येऊ द्या!" वीस. कमान किंचित सैल झाली. बेबाबाई गाडीच्या मागच्या फळक्यावर चढताना कोणीतरी म्हणालं, "हाई एकली पोतंभर शे." ती म्हणाली, "मंग दोनदा मोज." तेविसाव्याला पाटे पहिल्यांदा करकरले. नवलने तो आवाज ओळखला.

चोवीस. "बस."

नवल खाटेशी चढून बसला आणि गाडी निघाली. देवळापाशीचा खड्डा आला. नवलने खाटेचा गात, कडेचा दांडा, घट्ट धरला आणि डोळे मिटले. गाडी खाली वाकली, हळूच वर आली. चोवीस माणसं एकदम डुलली.

"उखर्डू," दगडीबाई म्हणाली, "तुन्हा गुडघा काढ मन्ही बाजूतून."

बावीस किलोमीटरला तीन तास लागले. दवाखान्याच्या फाटकात माणसं उतरली तेव्हा कोणालाच धड उभं राहता येईना, पायांना मुंग्या आल्या होत्या. कोणी गाडीला धरून उभं, कोणी खालीच बसलं. खाटेवर दगडीबाईने बोटं हलवून दाखवली. दहाही.

दोन वर्षांपूर्वी, तीन पाटे वाढवून गाडी ताब्यात देताना, नवलने तोतारामला सांगितलं होतं: रिकामी पळवू नकोस, भरली की ही गाडी माणसात येते.