ढुमण्याचा ठेका

सिनेमाचं काम संपून तीन महिने झाले, तरी दिगंबर रेणकेने घरच्या संबळाला हात लावला नव्हता. तीस वर्षांपूर्वीच्या ‘तालटोळी’ या लाडक्या कार्टूनवर आता खऱ्या माणसांचा सिनेमा निघाला होता. त्यातल्या ढुमण्या या वादक पात्राचा वेग कुणाही वादकाला जमेना, म्हणून कंपनीने दिगंबरच्या मेंदूत तो ठेका हातांकडून वाजवून घेणारी चकती बसवली. शूटिंग झाल्यावर ती काढलीसुद्धा. “आठवडाभरात तुमचा हात परत येईल,” असं डॉक्टर म्हणाले होते.

“आज आपला देवीचा जागर वाजव,” त्याचे वडील अण्णा म्हणाले. पक्षाघाताने त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. सात पिढ्यांचा ठेका आता एकट्या मुलाच्या हातात उरला होता.

दिगंबरने संबळ कमरेला बांधला, डोळे मिटले आणि पहिला ठोका दिला. दुसऱ्या ठोक्यापासून मनगटं त्याची राहिली नाहीत. ढुमण्याचा उड्या मारणारा ठेका अंगणभर घुमला. शेजारची मोठी माणसं लहानपण आठवून टाळ्या वाजवत गोळा झाली. दिगंबरला थांबता येईना.

“अण्णा, तोंडाने जागराचे बोल सांगा! मी पुन्हा शिकतो!” तो ओरडला.

अण्णांनी बोल सांगितले. हात ऐकत नाहीत हे पाहून पुन्हा पहिल्यापासून, सावकाश सांगितले. तिसऱ्यांदा सांगायला गेले, तेव्हा त्यांच्याही तोंडून ढुमण्याचाच ठेका निघाला आणि जागराचा पहिला बोल त्यांनाही आठवेना.