दिवा वाढवतो

अंधार पडल्यावर वायरमनने खांबाला शिडी टेकवलेली काकूंना दिसली. घासायला घेतलेलं भांडं तसंच टाकून त्या ओट्यावर आल्या.

काका ओट्यावर बसून खुर्चीची बैठक विणत होते. वेताची पट्टी दातांत धरून बोटांनी चौकटीची भोकं चाचपत होते. शिडीचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोण, नगरपालिका का? या, या! आभाळाला उजेड नको म्हणे तुमच्या. आभाळ आलं होतं का तक्रार घेऊन?"

वायरमन हसला. नियम नवाच होता. रस्त्यावरचे दिवे मंद करायचे, वरून टोपी घालायची, म्हणजे उजेड खाली पडतो, वीज वाचते आणि आभाळ काळं राहतं. सगळीकडे काम चाललं होतं. या गल्लीची पाळी आज आली होती.

आज आली, हेच काकांना कळायला नको होतं.

रेडिओवर नियमाची बातमी आली त्याच आठवड्यात एका संध्याकाळी काका म्हणाले होते, "केला वाटतं आपला दिवा मंद." खांबावरचा दिवा तेव्हा चांगला भगभगीत जळत होता. डोळ्यांच्या डॉक्टरांचं बोलणं काकूंनी एकटीनेच ऐकलेलं. "हो ना, मेल्यांनी केला," असं त्या पटकन बोलून गेल्या आणि मग ते रोजचंच झालं. काका नगरपालिकेचा उद्धार करायचे, काकू त्यांची री ओढायच्या. दुपारी काका जरा पडले की चुकलेली वीण उसवून नीट घालायच्या. दोष नगरपालिकेचा होता तोवर डोळ्यांचा नव्हता, आणि तोवर काका कामाला बसत होते. काम सुटलं की हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडून राहणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ती टोपी काढा आधी," काकांनी दम भरला. "पहिल्यासारखा करा दिवा."

वायरमन गोंधळला. "अहो काका, टोपी अजून..."

काकूंनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले. वायरमन त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर काकांच्या चाचपडणाऱ्या बोटांवर गेली.

"बघतो काय करता येतं," तो हळूच म्हणाला. "आधी दिवा वाढवतो."

माणूस जुन्या वळणाचा. दिवा बंद करतो, विझवतो, असलं अशुभ त्याच्या तोंडून यायचं नाही. काकांच्या घरीही दिवा वाढवतच आले होते. पण आज त्यांना हवं तेच ऐकू आलं.

"वाढवा, वाढवा! चांगला वाढवा!"

काकू थांबा म्हणेपर्यंत वायरमनने खांबाच्या पेटीतला खटका पाडला होता. गल्ली अंधारात बुडाली. काकूंनी घरातलाही दिवा अजून लावलेला नव्हता, खांबाच्या उजेडावरच भागत होतं. खांब दिसेना, खुर्ची दिसेना, स्वतःचा हात दिसेना. आता काका विचारणार, दिवा कुठे गेला? काकू मनातल्या मनात उत्तर जुळवू लागल्या. फ्यूज उडाला म्हणावं, नाहीतर सगळीकडचीच वीज गेली म्हणावं.

"हां! आता कसं लख्ख झालं," काका म्हणाले.

काकू जागच्या जागी थिजल्या. अंधुक का होईना, दिसतंय, एवढ्या भरवशावर त्या इतके दिवस खोटं बोलत आल्या होत्या. तेवढंही उरलं नव्हतं. ते कधी संपलं, याचा या माणसाने त्यांना पत्ता लागू दिला नव्हता.

 

"लांब का उभी? इकडे ये, बस," काका म्हणाले.

काकू ओट्याची कड चाचपत गेल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. हुंदका बाहेर फुटू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"किती दिवसांनी तुझा चेहरा नीट दिसला," काका म्हणाले. "हसतेयस ना? हस, हस. दिसतंय मला."