बिनआवाजाची सायकल

"किल्ली दे."

इस्त्रीवाला गरम इस्त्री हातात धरून तसाच उभा राहिला. समोर तिसऱ्या मजल्यावरची नर्स. अंगावर अजून ड्यूटीचे कपडे. तिच्या मागे जिन्यात माणसं गोळा झाली होती.

"ताई, मी नव्हतो हो."

"मग बाबांना उचललंस कशाला?" ती कडाडली. "दवाखान्यात नेलंस कशाला? प्लास्टर होईपर्यंत बाकावर बसून राहिलास कशाला? परक्याचा एवढा पुळका कुणाला येतो? ज्याच्या मनात खोट असते, त्यालाच!"

इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला उभी केली. पडलेल्या माणसाला का उचललं, याचं उत्तर त्यानं तयार करून ठेवलं नव्हतं.

सकाळी खालच्या पॅसेजमध्ये तिच्या वडिलांना बॅटरीच्या सायकलचा धक्का लागला होता, एवढंच त्यांनी दवाखान्यात सांगितलं होतं. ते फरशीवर आपटले आणि उजवा हात मोडला. त्यांना दिसत नाही. ते वेताच्या खुर्च्या विणतात; विणायला आलेल्या खुर्च्या त्याच पॅसेजमध्ये ठेवलेल्या असतात. डोळ्यांचं काम बोटांवर टाकून त्यांनी संसार केला, पोरीला शिकवलं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ती बोटं प्लास्टरमधून सुजून बाहेर आलेली दिसली. तिनं विचारलं, कोण होतं? ते म्हणाले, "तू निघालीस, त्याच्यानंतर पडलो. सोड आता." आणि भिंतीकडे तोंड केलं.

तिनं सोडलं नाही. ती तडक खाली आली.

या इमारतीत अशा सायकली आल्या त्या तिच्यामुळेच. पहिली तिची. पेट्रोल नको, धूर नको, बससाठी ताटकळणं नको. चढावरच्या पेशंटकडेसुद्धा दम न लागता पोचता येतं. हे सगळं सेक्रेटरीबाईंना पटवून तिनं पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय भांडून करून घेतली होती. तिचं बघून कॉलेजच्या पोरांनी घेतल्या. तिचं बघूनच इस्त्रीवाल्यानंही घेतली. आता लांबच्या इमारतींतले कपडेही तो पोचवत होता.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," सेक्रेटरीबाई जिन्यातून म्हणाल्या. "मोटरसायकल असली तर निदान कळतं तरी. ही मेली मांजरासारखी येते."

"आता माणसांनीच गळ्यात घंटा बांधून हिंडायचं," दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले. दोघंतिघं हसले.

"हसताय काय? तुमचा हात मोडला असता म्हणजे कळलं असतं!" काकांचा चेहरा उतरला. ती पुन्हा इस्त्रीवाल्याकडे वळली. "आणि तू रे, धक्का लागला तर लागला. थांबता येत नव्हतं? माणूस लागलं की दगड, एवढंसुद्धा मागे वळून बघावंसं वाटलं नाही?"

"ताई, माझी सायकल तेव्हा चार्जिंगला होती. धाडकन आवाज आला म्हणून मी धावलो. बाबा एकटेच पडलेले होते."

"कुणी पाहिलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं.

इस्त्रीच्या टेबलाच्या खिळ्याला सायकलची किल्ली लटकत होती. ती तिनं ओढून घेतली, सायकलच्या दांड्याखाली फिरवली आणि बॅटरी उपसून काढली. जड होती. ती तिनं पोटाशी धरली.

"उद्यापासून याचं चार्जिंग बंद," सेक्रेटरीबाईंनी निकाल दिला. "आणि हे टेबलही उचल रे बाबा. आम्हाला नसत्या भानगडी नकोत."

"बाई, टेबल नका हो..." इस्त्रीवाल्यानं टेबलाची कड धरली. "सायकल ठेवून घ्या. टेबल राहू द्या. मी पायी पोचवीन कपडे."

"आधी पायीच फिरायला हवं होतंस," नर्स म्हणाली.

जिन्यातली माणसं बाजूला सरकली. डाव्या हातानं कठडा चाचपत बाबा उतरत होते. प्लास्टरचा हात छातीशी बांधलेला. शेवटच्या पायरीवर ते थांबले.

"बॅटरी देऊन टाक त्याची."

"बाबा, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही सगळ्यांना माफ करता, म्हणून लोक तुमच्या अंगावर सायकली घालतात."

"याची नव्हती ती."

"तुम्हाला कसं कळणार? तिचा आवाज तरी येतो का?"

"सायकलचा नाही आला," बाबा म्हणाले. "तिच्यावर बसलेल्या माणसाचा आला."

"मग मघाशीच का नाही सांगितलंत? कोण होतं? नाव सांगा. आत्ता जाऊन त्याच्या दारात उभी राहते!"

बाबांनी तिच्या आवाजाच्या दिशेनं हात पुढे केला. तो बॅटरीला लागला, तिथंच राहिला. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. तिच्यावर खाली मान घालून माफी मागायची वेळ येऊ नये, म्हणून ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

"तू डबा विसरलीस म्हणून मी खाली आलो होतो," ते म्हणाले. "धक्का लागला, पडलो, तोंडातून शब्द फुटेना. आणि तू पुढं जाता जाता फोनवर कुणाला तरी म्हणालीस, 'काही नाही गं, बाबांची खुर्ची आडवी आली.'"