एकुलता बगळा

वीब्रेननं गाडी मागं घेत घेत तिची डावी बाजू कुंपणाच्या झुडपांना पार चिकटवली, तेवढ्यात त्याची बायको तेत्स्के हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अरे, अशी काय लावलीस? फिरव. उजवी बाजू झुडपांकडे कर."

"का? उजवीवर काय छान ऊन पडलंय बघ."

"तेच म्हणते मी. ते ऊन डावीवर पडू दे की!"

"गाडी कशी लावायची हे तू मला शिकवणार?"

"चाळीस वर्षं शिकवतेय. शिकतोस कुठं तू?"

बरीच मागं-पुढं झाल्यावर गाडी हिरवळीच्या मधोमध उभी राहिली, चारी बाजूंनी उघडी. 

गाडीचं नाव बगळा. तेत्स्केच्या वडिलांनी, डॉक्टर हिड्ड्यांनी, १९५४ साली ती रीन्क्स नावाच्या एकट्यानं काम करणाऱ्या कारागिराकडून बनवून घेतली होती. करडा रंग, मान पुढं काढल्यासारखं लांब बॉनेट आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांवर मिटलेल्या पंखासारखी एक घडी. तशी गाडी रीन्क्सनं आधी केली नव्हती, पुढंही केली नाही. डॉक्टर हिच्यात बसून फ्रीसलंड प्रांतभर बाळंतपणं करत हिंडले. "अर्धा तालुका या गाडीची वाट बघत जन्मला," असं तेत्स्के सगळ्यांना सांगायची.

जुन्या गाड्यांच्या क्लबाकडे एक नोंदवही होती, फक्त एकुलत्या, म्हणजे एकच एक बनलेल्या गाड्यांची. तिच्यात शिरायचं तर पत्रा मूळ कारागिराच्याच हातचा हवा. एक भाग जरी मागाहून ठोकलेला निघाला, तरी गाडी बाद, आणि बाद म्हणजे कायमची. तेत्स्केनं सत्तरी गाठली होती. त्या वहीत वडिलांचं नाव बघायचं, एवढी एकच गोष्ट तिनं मनाशी धरली होती.

आणि डावं मडगार्ड रीन्क्सचं नव्हतं.

तीस वर्षांपूर्वी तेत्स्के तीन दिवस बहिणीकडे ग्रोनिंगेनला गेली होती. नुसती एक चक्कर मारून येऊ म्हणून वीब्रेननं बगळा बाहेर काढला आणि कालव्यावरच्या उचलत्या पुलाचा खांब आडवा आला. खांब आडवा आला, असंच तो आजतागायत स्वतःला सांगत होता. शेजारच्या गावात हेसेल गाड्यांचा पत्रा ठोकायचा. चुरगळलेलं मडगार्ड बघून तो हसला, जरुरीपेक्षा जरा जास्तच हसला. मग दोन दिवसांत त्यानं नवं ठोकून दिलं. दुसऱ्या बाजूचं माप घ्यायलाही वाकला नाही. काय कसबी माणूस, वीब्रेनला वाटलं होतं.

"घरी कळता कामा नये, हेसेल."

"एका घरातलं दुसरीकडे नेत नाही मी," हेसेल म्हणाला होता. शब्दाचा पक्का. गेल्या हिवाळ्यात तो वारला, तोपर्यंत ब्र काढला नाही.

वहीसाठी गाडी तपासायला क्लबाचे ओनेमा साहेब अकराच्या ठोक्याला हजर झाले. उंच, वाळकुडे, हातात बॅटरी आणि दांडीला लावलेला छोटा आरसा. तेत्स्केनं कॉफी पुढं केली.

"आधी गाडी, बाई. मग कॉफी."

"रंग नवाच आहे हं," ती म्हणाली. "मीच दिला लावायला."

"रंगाकडे मी बघतच नाही. रंग खोटं बोलतो. पत्र्याची आतली बाजू नाही बोलत. हातोडीचे घाव म्हणजे कारागिराची सही." एवढं म्हणून साहेब पाठीवर आडवे झाले आणि बगळ्याखाली दिसेनासे झाले.

वीब्रेन येरझाऱ्या घालू लागला.

"बस की रे," तेत्स्के म्हणाली. "आत काय बाळंतपण चाललंय?"

पण स्वतः ती उभीच होती, गाडीवरची नजर न काढता. वडिलांसाठी जीव तुटतोय बिचारीचा, असं वाटून वीब्रेनला राहवेना. परक्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"तेत्स्के, मला तुला एक सांगायचंय..."

"आत्ता नको!" ती घाईघाईनं म्हणाली.

खूप वेळानं साहेब बाहेर आले. केसांत गवत, चेहरा गंभीर.

"बनवाबनवी कशी पकडतात, सांगतो," ते म्हणाले. "गाडी आपटते ती एका बाजूनं. मग एक बाजू जुन्या हाताची उरते, दुसरी नव्या. आतले घाव जुळत नाहीत. तिथं लोक सापडतात."

वीब्रेननं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"तुमचं डावं आणि उजवं मडगार्ड..." साहेबांनी चष्मा पुसला. "एकाच माणसानं ठोकलंय! तोच तिरका घाव, तीच हातोडी, कडेची दुमडसुद्धा तीच. इतक्या गाड्या बघितल्या, पण असं जुळलेलं काम नाही बघितलं. एकटा रीन्क्स, एकटा हात. अभिनंदन, बाई! वडिलांचं नाव लागलं."

साहेब कागद भरायला टेबलाशी गेले. वीब्रेननं श्वास सोडला. हसूच फुटलं त्याला. वाचलो, म्हणजे वाचलोच की! एकाच माणसानं. एकाच...

हसू मध्येच थांबलं. डावं तर हेसेलनं ठोकलेलं.

त्यानं मान वर केली. बॉनेटच्या पलीकडून तेत्स्के त्याच्याकडे टक लावून बघत होती. कानापर्यंत लाल झाली होती. मग ती सावकाश वळसा घालून आली आणि साहेबांच्या पाठीकडे एक नजर टाकून त्याच्या कानाशी लागली.

"माझी उजवी बाजू चर्चच्या फाटकाला लागली होती," ती कुजबुजली. "तुझी डावी कशाला?"