तीट

माझी तान्ही लेक रुही दुपारी झोपली की तेवढाच वेळ माझा. त्यात मी इथल्या अमेरिकन लोकांना त्यांचे पूर्वज शोधून देते. सध्या प्लेनोमधल्याच एका बाईंचे पणजोबा शोधतेय, पुण्याच्या छावणीतला इंग्रज कॅप्टन. बाईंनी त्याचा फोटो पाठवलाय. त्याच्या मांडीवर तान्ही मुलगी आहे. फोटो काढल्यावर महिन्याभरात ती तापाने गेली.

कॅप्टन असा बघतो, की जणू आपणच त्याचं काहीतरी चोरलंय.

सोमवारी त्या मुलीच्या गालावर काळा ठिपका दिसला. आधी नव्हता. आणि माझ्या सोनुलीच्या गालावरची काजळाची तीट गेली होती.

"चादरीला पुसली असेल गं," माझा नवरा प्रितम म्हणाला. "तूपण झोप जरा, यार."

मी पुन्हा लावली. ती पुन्हा फोटोत गेली.

आज बाईंना काम सोडल्याचं कळवलं आणि फोटो डिलीट करायला उघडला. मांडीवरचं बाळ माझ्याकडे हात पसरून रडत होतं. त्याच्या हनुवटीला खळी होती. त्या खळीचा मी रोज पापा घेते. कॅप्टनने तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं आणि तो हसत होता.

माझ्या मागे, रुहीच्या क्रिबमध्ये, कोणीतरी जागं झालं.